व्हरांड्याकडची खिडकी

काल संध्याकाळी कडवे वाल भिजत घातले. पातेल्यात वाल पडल्याचा आवाज ऐकून आमच्या ह्यांनी पेपरातून डोकं वर काढलं.

"वा! बिरडं!"

"बिरडं नाही. पहिलीचा वर्ग."

"म्हणजे जून आला म्हणायचा," असं पुटपुटत ते पुन्हा पेपरात शिरले. मग पेपराआडून आवाज आला, "या घरात वाल आधी शाळेत जातात. नवऱ्याच्या ताटात यायला त्यांना दिवाळी उजाडते."

अतिशयोक्ती करायची त्यांना सवयच आहे. पण शाळा उघडायच्या आधीच्या आठवड्यात मी घरात नावापुरती असते हे काही खोटं नाही. दिवाणावर कार्डशीट पसरलेली असतात, पंख्याखाली पताका वाळत असतात, आणि चहाच्या कपात एकदा तरी डिंकाचा ब्रश बुडतोच. पेणच्या बाजारात त्या दिवसांत निम्मी गर्दी ताडपत्री घ्यायला आलेली असते आणि निम्मी वह्या-दप्तरं. मी दोन्ही दुकानांत असते. कागदवाला मला बघितलं की हात जोडतो, कारण मी घोटीव कागदाचा प्रत्येक रंग उजेडात नेऊन बघते. आमच्या गल्लीच्या तोंडाशी गणपतीच्या कारखान्यात बिनरंगाच्या मूर्ती फळ्यांवर ओळीने बसलेल्या असतात. दरवर्षी मला तो पटावरचा वर्गच वाटतो. सगळे स्वच्छ, गप्प, मांडी घालून. असा वर्ग मला एकदा तरी मिळू दे म्हणावं, तर मिळाल्यावर दोन दिवसांत मी कंटाळून जाईन.

यंदा बदली झाली. इतकी वर्षं गडबच्या बाजूला होते, आता रोह्याकडे, निडी स्टेशनवर उतरून आत चालत जायचं. परवा कार्डशीटची भली मोठी गुंडाळी काखेत मारून मी सकाळच्या गाडीत चढले, तर समोरच्या बाकावरची सुकटवाली म्हणाली, "बाई, तोफ घेऊन कुठं चाललाव?"

"लढाईला," मी म्हटलं. "पहिलीच्या पोरांशी."

"मग हरताव तुम्ही," ती म्हणाली आणि टोपली पायाखाली सरकवून मला जागा करून दिली. बाईला अनुभव असणार.

बंद राहिलेल्या वर्गाला एक वास असतो. जुना खडू, दमट जाजम, कुठेतरी उंदराने कुरतडलेला कागद, आणि मे महिनाभर तापून निघालेल्या पत्र्याचा. कुलूप उघडायला गेलं तर किल्ली आत जात नाही, कारण कुंभारमाशीने भोकात मातीचं घर बांधलेलं असतं. फळ्याच्या मागून पालीची अंडी निघतात. मागच्या वर्षीच्या पोरांनी भिंतीवर हाताच्या उंचीवर काढलेल्या रेघा असतात, त्यांच्यावर नवा रंग चढला तरी खालून दिसतात. मला हा सगळा पसारा फार आवडतो. पदर खोचून, डोक्याला रुमाल बांधून खोली झाडायला घेतली की माझं वय विसरायला होतं. गुडघे मात्र विसरत नाहीत.

या नव्या शाळेचे हेडसर तरुण आहेत, उत्साही आहेत, आणि त्यांना माझी भीती वाटते हे मला पहिल्या दिवशीच कळलं. तक्ते लावायला ते स्वतः शिडीवर चढले. अंकांची गाडी, प्राण्यांचा तक्ता, वारांची फुलं, सगळं भिंतींवर चढलं. एक तक्ता उरला. सर म्हणाले, "हा व्हरांड्याकडच्या खिडकीला लावून टाकू. नाहीतरी तिथून पोरांचं लक्ष बाहेर जातं."

"जाऊ दे."

"जाऊ दे?"

"हो. बाहेर गेलं की परत येतं. ती खिडकी उघडी राहू दे, सर."

ते शिडीवर तसेच उभे राहिले, तक्ता छातीशी धरून. नवीन बाई जरा चक्रम आहेत हे त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ लिहिलं होतं. त्यांना काय सांगणार? एवढी मोठी गोष्ट शिडीवर उभ्या माणसाला सांगता येत नाही. इथे सांगते.

गडबच्या हायवेवरून खाडीकडे वळलं की आधी भातशेती लागते, मग जमीन सपाट होत होत जाते आणि हवेला खारट वास येतो. तो खारेपाट. माझी जुनी शाळा या दोन्हींच्या मधोमध. म्हणून वर्गात निम्मी पोरं वरच्या अंगाच्या शेतकऱ्यांची, ज्यांच्या घरी भात निघाला की वाल पेरतात, आणि निम्मी खाडीकडची, ज्यांचे आईबाप मिठागरात मीठ ओढायचे. वरच्या पोरांच्या खिशात हिवाळ्यात वालाच्या शेंगा सापडायच्या, खालच्यांच्या खिशात खाडीतले शंख. दोघांचे खिसे झडतीत रिकामे केले की माझा गणिताचा कोपरा आपसूक तयार व्हायचा.

ज्या वर्षीची ही गोष्ट, त्या वर्षी मी तो वर्ग असा काही लावला होता की विचारू नका. नुकतंच एक प्रशिक्षण झालं होतं, आणि प्रशिक्षणावरून आलेल्या बाईएवढं धोकादायक माणूस जगात नसतं. वाचन कोपरा, गणित कोपरा, बाहुलीघर. छताला उलट्या छत्र्यांच्या पताका. खाली, पोरांच्या हाताला येईल असा तळफळा, नव्याने काळा केलेला. मोजायला कडवे वाल हवे होते, ते एका पालकाने राखेत घोळवलेले आणून दिले. ते डब्यात ठेवले असते तर काय बिघडलं असतं? पण नाही! बाईंना देखणेपण हवं. म्हणून ते घरच्या रोवळीत ठेवले, आपली तांदूळ धुवायची बांबूची रोवळी, आणि रोवळी नेऊन ठेवली भिंतीतल्या फळीवर, बरोबर त्या कौलाखाली, जे दर पावसाळ्यात गळायचं. आता कौल गळतं हे मला वर्ग लावताना आठवलं नाही, कारण कौल तेव्हा गळत नव्हतं. आणि व्हरांड्याकडची खिडकी? तिच्यावर मी सगळ्यात मोठा तक्ता डकवला. जंगलाचा. हत्ती, वाघ, मोर, सगळे. आतल्या पोराला बाहेरचं माणूस दिसू नये आणि बाहेरच्या आईला आतलं पोर दिसू नये, की दोन्हीकडची रडारड लवकर थांबते, असं माझं तेव्हा पक्कं मत होतं.

प्रवेशाचा दिवस झोकात झाला. दाराला तोरण, हातात गुलाब, कुंकवाच्या पाण्यात पाय बुडवून प्रत्येकाची पावलं कार्डशीटवर उमटवायची आणि त्याखाली नाव. पोरं पाय बुडवायला खूश. एकच मुलगी दाराच्या चौकटीला दोन्ही हातांनी धरून उभी. पाठीवर तिच्याएवढंच दप्तर, केसांना चप्प तेल, आणि नजर बाहेर, व्हरांड्यातल्या आईवर. नाव समृद्धी. घरी समू.

"समू, ये ना गो. बघ, तुझं पाऊल इथे छापू."

मान नाही.

"बाहुली बघायचीय?"

मान नाही.

मी जवळ जाऊन तिची बोटं हळूच सोडवायला गेले. एक सोडवलं की दुसरं घट्ट. दुसरं सोडवलं की पहिलं परत चौकटीवर. ओठ मात्र मिटलेले. रडणारं पोर बरं, त्याला गप्प करता येतं. न रडणाऱ्या पोराचं काय करायचं, हे कुठल्या प्रशिक्षणात शिकवलं नव्हतं.

तिची आई वैजयंती. सगळे वैजू म्हणायचे, मीही म्हणायला लागले. काटक, रापलेली, खारट उन्हात काम केलेल्या बायांच्या डोळ्यांना असते तशी बारीक मिचकावायची सवय. ती व्हरांड्यात, वर्गापासून जरा लांब, खांबाला टेकून उभी राहायची. आत कधी यायची नाही. "आत ये गं," म्हटलं तर, "आमचं काय काम आत," म्हणून हसायची.

दुसऱ्या दिवशी तिने मला बाजूला घेतलं. कमरेची पिशवी उघडून त्यातून एक पाकीट काढलं, पाकिटातून तिचा फोटो. पेणला जाऊन काढलेला. लग्नातली साडी, कपाळाला ठसठशीत टिकली, आणि घाबरलेला चेहरा.

"बाई, कंपनीच्या कँटीनला काम लागतंय मना. चपात्या लाटायचं. दुपारची शिफ्ट. ह्यो फोटू कार्डावर लावनार. माझ्या नावाचं कार्ड, बाई!"

"अगं, मग चांगलंच झालं की."

"कसलं चांगलं. ही राहील तं मी जानार. सोमवारपास्नं येते का नाय, सांगून टाक म्हनले. नाय आली तं दुसरी उभीच हाय. बाबा हिचा पहिल्या शिफ्टला, तो तीनच्या टायमाला येऊन नेईल हिला. पन तवर ही आत बसली पायजे ना?"

तिच्या घरची परिस्थिती मग हळूहळू कळली. खाडीचा बांध फुटून शेतात खारं पाणी भरलं होतं, ते शेत आता काही पिकवत नव्हतं. जिथे ती मीठ ओढायची ते मिठागरही बंद पडलं. नवरा ठेकेदाराकडे, आज काम आहे तर उद्या नाही. सगळी मदार आली होती त्या फोटोवर, आणि फोटोची मदार समूच्या बोटांवर.

मी देव पाण्यात घालून बसले म्हणा ना. घरी उठताबसता समू. हे म्हणाले, "अगं, आपली मुलगी पहिल्यांदा होस्टेलला गेली तेव्हा तू एवढी कासावीस झाली नव्हतीस." झाले होते. यांना दिसले नव्हते, कारण मी मोरीत नळ सोडून रडले होते. तो विषय वेगळा.

तेव्हाचे आमचे हेडसर जुन्या वळणाचे, मनाने चांगले. त्यांनी वैजूला त्यांचा ठेवणीतला उपाय सांगितला. "मुलीचं लक्ष नाही असं बघा आणि सटका. तासभर रडेल, मग बसेल. आजवरची सगळी पोरं अशीच बसली." तिने ऐकलं. समूला चौकटीशी ठेवून ती शाळेच्या मागून निघून गेली. समूने वळून बघितलं, तर खांबापाशी आई नाही. मी फळ्यावर अंक काढत होते. पाठ वळवली तर दार रिकामं.

बाई गं, काय तो दिवस! सर एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला, पोषण आहार शिजवणाऱ्या बेबीकाकू हातातली पळी तशीच घेऊन तिसऱ्या बाजूला धावल्या. समू सापडली फाट्यावर, हायवेच्या अलीकडे. टपरीवाल्याने धरून बाकावर बसवली होती, तिच्या हातात बिस्किट होतं आणि तिने ते खाल्लं नव्हतं. डोळे डोलवीच्या बाजूला, जिथे ती कंपनी आहे. त्या सपाट मुलुखात कंपनीच्या धुराच्या चिमण्या कुठूनही दिसतात. 'आय कंपनीत जानार' असं तिने घरात ऐकलं होतं, म्हणून ती चिमण्यांकडे तोंड करून चालत सुटली होती.

निरोप ऐकून वैजू धावत आली. तिला उचलून छातीशी धरत ती मला एवढंच म्हणाली, "बाई, मी परत न सांगता नाय जायाची. काम गेलं तरी चालंल."

सर मान खाली घालून शाळेकडे वळले. बेबीकाकूंची पळी तेवढी टपरीवर राहिली, ती संध्याकाळी आणली.

तो आठवडा तसाच गेला. समू चौकटीत, वैजू खांबाशी, मधे मी. मी बाहुलीघर दाराजवळ हलवलं. गाणी म्हटली. बेडूक झाले, म्हणजे खरोखरची बेडूक झाले, या वयात. वर्गातली पोरं हसून लोळली, समू माझ्याकडे बघून न बघितल्यासारखी. शनिवारी अर्ध्या शाळेनंतर वैजूने फोटोचं पाकीट माझ्यासमोर पिशवीत खोलवर सारलं. "सोमवारी येईन बाई. नाय जमलं तं दुपारी फोन करून नाय म्हनून सांगीन." तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं वाटलं असतं.

सोमवारी दार उघडलं आणि मी कपाळाला हात लावला.

शनिवारी-रविवारी पावसाने कौलातून आपलं काम चोख केलं होतं. फळीवरून धार लागून गणिताचा कोपरा संपला होता. मण्यांच्या माळांचे रंग उतरले होते, अंकांची गाडी डब्याडब्याने जमिनीवर पडली होती. कुंकवाच्या पावलांचा तो कौतुकाचा तक्ता, त्यावर सगळी पावलं एकमेकांत मिसळून एक गुलाबी डबकं झालं होतं. खिडकीवरचं जंगल खालपर्यंत भिजून फुगलं होतं, वाघाचं पोट तर हत्तीएवढं. माझा पारा असा चढला! एवढे दिवस खपले होते मी. दातओठ खात खिडकीवरचा तक्ता ओढला, तो हातात दोन तुकडे होऊन आला. उरलेले वाळत घालायला मी व्हरांड्यातल्या दोरीवर नेत होते, तेवढ्यात आतून तन्मय ओरडला.

तन्मय वरच्या अंगाचा, शेतकऱ्याचा मुलगा, वर्गातला ठरलेला वाजंत्री. "बाई! बाई, मोड आलं!"

रोवळीतले वाल. पाणी पडत राहिलं आणि रोवळीतून निथळत राहिलं, त्यामुळे एकही वाल कुजला नव्हता. फुगून टच्च झाले होते आणि प्रत्येकाला पांढरा मोड. घरी फडक्यात घट्ट बांधून जे साधत नाही ते माझ्या गणिताच्या कोपऱ्यात साधलं होतं. मी रागात रोवळी उचलली आणि बाहेर फेकायला निघाले, तर बेबीकाकू दारात आडव्या.

"काय करताव? डोकं फिरलं काय बाई? एवढं सोन्यासारखं वाल!"

"काकू, पोरांच्या हातातले ते."

"मग धुवून घेईन. बिरडं सोलायला कुनाचं हात लागत नाय काय?" आणि माझ्या हातातून रोवळी घेऊन त्या गेल्या. थोड्या वेळाने स्वच्छ धुतलेले वाल कोमट पाण्याच्या मोठ्या टोपात घालून घेऊन आल्या आणि टोप आणून ठेवला वर्गाच्या बरोबर मधोमध. जाजमं भिजली म्हणून गुंडाळून ठेवलेली, कोपरे गेलेले, भिंती उघड्या. नुसती फरशी आणि टोप.

मी पोरांना बसा म्हटलं नाही. गोल करा म्हटलं नाही. गोल करायला शिकवायचा एक वेगळा तास माझ्या वेळापत्रकात होता, हात धरा, मागे सरका, मोठा गोल, छोटा गोल. इथे ती सगळी आपापली आली आणि टोपाभोवती मांड्या घालून बसली. घरात मोड आलेले वाल दिसले की बसायचं आणि सोलायला घ्यायचं, याला आमच्याकडे कुणी सांगावं लागत नाही. आई, काकू, शेजारीण, कडेवरचं पोर, जो तिथे असेल तो बसतो. बाहीला हात पुसून सगळ्यांनी चिमटीत वाल धरले. खाडीकडची पोरं आणि वरच्या अंगाची पोरं, जी आठवडाभर दोन वेगळ्या ओळींत बसत होती, ती कोण कुठे बसली त्यांनाच कळलं नाही.

सगळ्यांना येत होतं असं नाही. तन्मयच्या घरी वाल पिकत होते, पण या राजांनी कधी हात लावला नसावा. तो वाल दोन्ही नखांनी चिरडायचा, मोड तुटायचा, डाळ्या निसटून भलतीकडे उडायच्या. एक त्याने तोंडात टाकला आणि असं तोंड केलं की मला हसू आवरेना. कच्चा कडवा वाल तो!

"तसं नाय."

मला वाटलं, कुणी पोरगी गोलातून बोलली. मग लक्षात आलं. हा आवाज मी ऐकलेला नव्हता.

समू अजून चौकटीत होती. पण हात चौकटीवर नव्हते. दोन बोटांची चिमूट करून ती हवेतच दाखवत होती. "हिकडनं दाब. मोडाच्या हिकडनं नाय, दुसरीकडनं."

तन्मयने दाबलं. वाल टुणकन उडून बेबीकाकूंच्या मांडीवर.

"नाय रं! हलकं!"

त्याने परत चिरडला. हे काही तिला सहन होईना. पाठीवर दप्तर तसंच, ओठ चावत, ती उंबरा ओलांडून तरातरा आत आली आणि त्याच्या शेजारी बसकण मारून टोपात हात घातला. एक वाल, एक चिमूट, आणि साल बोटांत राहून मोडासकट अख्खा दाणा तिच्या तळहातावर. "बघलंस?"

मी हलले तर ही उठेल असं वाटून फळ्याला चिकटून उभी राहिले. बेबीकाकूंनी माझ्याकडे बघून भुवया उडवल्या आणि काहीच झालं नाही अशा थाटात सोलत राहिल्या. हुशार बाई.

मग समूने मान वर केली. आता आई शोधणार. आणि तिने शोधलीच. पण उठावं लागलं नाही. ती जिथे बसली होती तिथून, उघड्या खिडकीतून, खांबाशी उभी असलेली वैजू पूर्ण दिसत होती. समूने बघितलं. आई आहे. खाली बघितलं, वाल सोलला. परत वर बघितलं. आई आहे. परत खाली.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ही पोर मिठागराच्या बांधावर वाढली होती. आई मीठ ओढायची आणि ही बांधावर ताडपत्रीच्या सावलीत खेळायची. तिथे भिंत नाही, झाड नाही. आई कितीही लांब गेली तरी ठिपक्याएवढी का होईना, दिसत राहते. मान वर केली की आई. या मुलीने भिंत म्हणजे काय हे पहिल्यांदा माझ्या वर्गात बघितलं होतं, आणि त्या भिंतीतली एकुलती एक खिडकी मी वाघ-हत्तींनी बुजवली होती. तिला शाळा नको नव्हती. चौकट ही एवढी एकच जागा होती जिथून तिला शाळाही दिसत होती आणि आईही.

माझे डोळे भरून आले, पण रडत बसायला वेळ कुठे होता? वैजूला दुपारच्या शिफ्टची गाडी फाट्यावर गाठायची होती. मी खिडकीशी गेले आणि हाताने तिला खूण केली. जा, जा! आत्ता जा! तिने जोरजोरात मान हलवली. न सांगता नाही जायची. बोलली होती ती, आणि शब्दाला जागणारी बाई होती. मला तिचा रागही आला आणि तिच्या पाया पडावंसंही वाटलं. कारण आत्ता ती सांगायला आली, आणि समूने तिला बघून मिठी मारली, तर सगळं संपलं. फोटो पाकिटात राहणार, कार्ड दुसऱ्या कुणाच्या नावाचं होणार.

ती आलीच. दाराशी चपला काढल्या, जणू देवळात यायचंय, आणि उंबऱ्याबाहेर थांबली.

"समू."

समूने वर बघितलं. नाकाच्या शेंड्यावर वालाचं साल चिकटलेलं.

"बाय, मी कामाला जातंय. बाबा येतील तुला न्यायला."

सगळ्या गोलाचे हात थांबले. समूने आईकडे बघितलं, मग टोपाकडे. टोप अजून अर्धासुद्धा रिकामा झाला नव्हता.

"जा," ती म्हणाली. "माझं व्हयाचं हाय अजून."

आणि मान खाली घालून तिने पुढचा वाल उचलला.

मी वैजूकडे बघितलं. मला वाटलं होतं, ती धावत सुटेल. ती जागची हललीच नाही. तिचा उजवा हात वर गेला आणि दाराच्या चौकटीवर बसला, बरोबर तिथे, जिथे आठवडाभर समूची बोटं होती. डोळे मिचकावले तिने, पण पाणी थांबलं नाही.

"बाई," ती हळूच म्हणाली, "ती जा म्हनाली मना."

"हो गं."

"मना वाटलं, रडंल."

आठवडाभर मी तिच्या लेकीची बोटं सोडवायचा सराव केला होता. आईची बोटं त्यांच्यापेक्षा घट्ट होती. मी ओढली नाहीत. त्यांच्यावर माझा हात ठेवला आणि तशीच उभी राहिले, माझ्या होस्टेलवरच्या मुलीची आठवण येत असताना जशी मोरीत उभी राहिले होते तशी. मग हळूहळू एकेक बोट तिने आपलं आपण काढून घेतलं.

"मागून नको जाऊस," मी म्हटलं. "खिडकीसमोरनं जा. सावकाश जा. तिला दिसू दे."

तिने पदराने तोंड पुसलं, चपला घातल्या आणि व्हरांड्यातून निघाली. खिडकीसमोर आली तेव्हा चाल मंदावली, पण थांबली नाही. समूने मान वर केली. आई व्हरांडा उतरली, पटांगण ओलांडून फाटकाबाहेर गेली, वाटेला लागली, लहान लहान होत गेली. समू ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिली. मग तिने पाठीवरचं दप्तर काढून शेजारी ठेवलं आणि टोपात हात घातला.